लेंड्यांचं पोतं

गुरुवारी संध्याकाळी माझ्या नातीनं फोन करून मला सांगितलं, "आजी, तुझं बी खोटं निघालं."

दुसरं कुणी हे बोललं असतं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करूनच मी फोन ठेवला असता. पण बोलत होती योगिनी, माझ्या धाकट्या अजिनाथची लेक, शहरात शाळेत शिकवते ती, आणि तिचा आवाज रडका होता. लहानपणी पाय मोडला तेव्हाही ही पोर रडली नव्हती. म्हणून मी गप्प ऐकलं.

"बेचाळीस पोरं, बेचाळीस पिशव्या. प्रत्येकानं आपापल्या हातानं माती भरली, बाभळीचं बी लावलं, रोज पाणी घातलं. एकवीस दिवस झाले. उगवलं किती? एकही नाही. सोमवारी संस्थेची कमिटी बघायला येतेय. रोपं नसली तर शाळेमागची जागा स्कूलबस उभ्या करायला देणार. पोरांना झाडं लावायला शिकवायचा माझा वनवर्ग संपला, आजी."

"बी कोणतं लावलं?"

"तूच पाठवलेलं. आईनं दिलं ना मला. पुडीतलं, स्वच्छ."

पुडीतलं! मी पुडी पाठवलीच नव्हती. मी पाठवलं होतं पोतं. तोंडाशी आलेलं गिळलं आणि म्हणाले, "मी येते."

शुक्रवारी पहिल्या एसटीनं पिशोर सोडलं. थोरला राम म्हणाला, "माय, आज शेळ्या कोण सोडील?" मी म्हणाले, "तुझ्या जन्माच्या आधीपासून मी सोडतेय. आज तू सोड."

पोत्यात काय होतं ते आधी सांगते. उन्हाळ्यात आमच्या शेळ्या बाभळीच्या शेंगा खातात. रात्री वाड्यात, म्हणजे काट्याच्या कुंपणात, बसून रवंथ करतात आणि त्यातलं बी थुंकून टाकतात. काही पोटातून लेंडीवाटे बाहेर पडतं. बाभळीच्या बियाला दगडासारखं कवच असतं, तसंच पेरलं तर वर्षभर झोपून राहील. शेळीच्या तोंडापोटातून गेलं की ते कवच मऊ होतं. हे मला कुणी शाळेत शिकवलं नाही. शाळा माझी दुसरीतच सुटली. पण वाड्याच्या कडेनं दर पावसाळ्यात बाभळी उगवतात आणि दहा पावलं पलीकडे उगवत नाहीत, हे बघायला डोळे लागतात, पुस्तक नाही. योगिनीनं बी मागितलं तेव्हा दोन दिवस वाकून मी वाड्यातला तळाचा थर खरडला, चाळला, पोतं भरलं आणि रामच्या हाती पाठवलं. लेंड्यांसकट का, ते सांगितलं नाही. धनगराच्या घरात हे सांगावं लागतं का?

लागतं, असं दिसतंय.

शहरात, उस्मानपुऱ्यातल्या अजिनाथच्या घरी पोचले तेव्हा अकरा वाजले होते. सरिता, माझी धाकटी सून, दारातच होती. पाया पडली, पण डोळ्याला डोळा दिला नाही.

"आत्या, अचानक? फोन तरी करायचा."

"पोतं कुठंय?"

"चहा टाकते आधी."

"टाक. पण पोतं कुठंय?"

चहात साखर दुप्पट पडली होती. मी तो पिऊन टाकला आणि दिवसभर एक अक्षर बोलले नाही. असली गोष्ट माणसाला एकटं गाठून विचारायची नसते. चौघांत विचारायची, म्हणजे मागून कुणी शब्द फिरवत नाही.

अजिनाथ पहिल्या पाळीला होता. वाळूजहून कंपनीची बस चारला आली. माझा हा लेक तिथं पार्ट तपासतो. केसाएवढा फरक असला तरी बाजूला काढतो, असं त्याचा साहेब माझ्यासमोर म्हणाला होता. पण घरात पाऊल टाकलं आणि एका भिंतीला मी, दुसऱ्या भिंतीला त्याची बायको अशा बसलेल्या बघितल्या, तेव्हा त्याची सगळी मापं संपली. मला त्याचा चेहरा वाचता येतो. आता शर्टाची गुंडी काढत आत सटकावं, असं त्याच्या मनात आलं होतं.

"बस," मी म्हणाले. "योगिनी येऊ दे."

योगिनी आली. हातात त्या पुडीतलं उरलेलं बी होतं. मी चार दाणे तळहातावर घेतले. कोरडे, चकचकीत, बाजारातले.

"हे माझं नाय."

"मग?" योगिनीनं आईकडं बघितलं.

"माय, पोतं आलं होतं," अजिनाथ मधे पडला. "मीच उतरवून घेतलं. पण त्यात लेंड्या होत्या गं. शाळेत काय लेंड्या पाठवायच्या? इथं लोक..."

"तुला विचारलं का मी? तू काय लेंड्यांत वाढला नाहीस, व्हय? तुझ्या बापानं, कडूबानं, मेंढरामागं चप्पल झिजवून तुला वाळूजपर्यंत पोचवलं."

"त्यांना बोलू नका, आत्या." सरिता उठून उभी राहिली. "पुडी मी आणली. मोंढ्यातल्या दुकानातून. योगिनीला सांगितलं, आजीनं पाठवलीय."

"आई!" योगिनीचा आवाज चढला. "मी पोरांना सांगितलं की हे माझ्या आजीचं बी हाय. फळ्यावर लिहिलं. बी कुठलं ते ठाऊक नसेल तर झाड कुठं लावायचं तेही ठाऊक नसतं, हा माझा पहिला धडा हाय, आणि तू मलाच खोटं..."

"व्हय, बोलले खोटं!"

तेव्हा सरिताच्या आत काय चाललं होतं, ते तिनं मला नंतर भाकरी थापताना सांगितलं, म्हणून मी सांगू शकते. तिच्या डोळ्यांपुढं योगिनी तिसरीतली उभी होती. दिवाळीच्या सुट्टीत पिशोरला राहून आलेली, बाकावर एकटी बसवलेली. शेजारच्या पोरीनं नाक दाबून म्हटलं होतं, हिला शेळीचा वास येतो. त्या दिवशी सरितानं पोरीचे केस तीनदा धुतले. तिसऱ्यांदा धुताना पोर म्हणाली, आई, आता डोळे झोंबतात. तरी तिनं चौथ्यांदा धुतले.

एवढं मोठं काही ती त्या संध्याकाळी बोलली नाही. तिनं एवढंच सांगितलं, "ज्या शाळेत तिला शेळीचा वास येतो म्हणाले, त्याच शाळेत आता ती मास्तरीण हाय. तिच्या टेबलावर लेंड्यांचं पोतं मी ठेवणार नव्हते."

"मला तर ते आठवत पण नाय," योगिनी म्हणाली.

"मला आठवतं."

"म्हणून पोरांना फसवायचं? बेचाळीस पोरं रोज सकाळी पिशवीत डोकावून बघतात, आई. रोज! तुझ्या लाजेपायी..."

"योगिनी," मी म्हणाले. "आईला उलटं बोलायचं नाय."

तिघंही माझ्याकडं बघत राहिली. अजिनाथचं तोंड तर उघडंच राहिलं. सत्तावीस वर्षांत सरिताची बाजू मी घेतली नव्हती. भाकरीवरून नाही, बारशावरून नाही, रामच्या लेकीच्या लग्नात तर मुळीच नाही. पण चार वेळा धुतलेल्या केसांचं मला तेव्हा ठाऊक नसलं तरी तिचा आवाज कुठून येतोय ते मला कळत होतं. कन्नडच्या बाजारात मलाही बायका पदर आवरून जागा करून द्यायच्या. मी त्यावर शिव्या दिल्या. हिनं केस धुतले. ज्याची त्याची तऱ्हा.

"चूक माझी पण हाय," असं मी म्हणाले नाही. ते मला जमत नाही. मी म्हणाले, "आता सांग, पोत्याचं केलंस काय? फेकलंस?"

"फेकीन कशी? चांगलं खत होतं." सरिताचा स्वर एकदम बदलला. "वाटलं. गल्लीत. सगळ्यांच्या कुंड्यांना. समोरच्या दत्तोपंतांना दोन घमेली दिली गुलाबासाठी. लई नाव घेतलं लोकांनी, आत्या. या गल्लीत इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा कुणी म्हणालं, वहिनी, तुमच्या गावाकडचं अजून मागवा."

लाजेपायी शाळेत नेलं नाही, आणि कौतुकापायी गल्लीभर वाटलं. ही आमचीच सून.

"तुळशीत घातलंस?"

"दोन मुठी."

मी उठले, मागच्या दारी गेले. तुळशीच्या बुडाशी दोन जाड हिरवी दलं उघडलेली होती आणि मधून पिसासारखं बारीक पान वर आलेलं. एक इथं, एक तिथं, एक कडेला.

"हे होय?" सरिता माझ्या मागून वाकून म्हणाली. "हे तर मी रोज उपटते. तण समजून."

मी हसले. इतकी हसले की अजिनाथ पाणी घेऊन धावला. योगिनी गुडघ्यावर बसून ती पानं बघत होती, आणि मग तीही हसायला लागली, रडता रडता.

"आजी, गल्लीत कुंड्या किती असतील?"

"मला काय विचारतेस? तुझ्या आईला विचार. वाटलंय तिनं."

सरितानं बोटांवर मोजायला सुरुवात केली होती.

शनिवारी शाळा सकाळची. सुटल्यावर योगिनी सगळ्या पोरांना घेऊन आली. मातीची पिशवी एका हातात, डब्यातला चमचा दुसऱ्या हातात. पुढं सरिता. प्रत्येक दारावर तीच हाक मारत होती, "ताई, मी खत दिलं होतं ना, त्यातलं माझं काही राहिलंय. घेऊन जाऊ का?"

मला ओट्यावर खुर्ची दिली होती. पण खुर्चीवर बसून शिकवता येत नाही. पहिल्याच कुंडीशी एका पोरानं रोपाला धरून ओढलं आणि ते तुटलं. तेव्हा मी खाली उतरले.

"तुला शेंडीला धरून उचललं तर येशील का? येशील, पण बोंबलत. बाभळीचं पहिलं मूळ सरळ खाली जातं, वरच्या पानापेक्षा दुप्पट. चमचा लांबून घाल. मातीसकट उचल. मुळाला कळलंच नाय पाहिजे की आपण घर बदललं."

पोरांनी ऐकलं. योगिनी बाजूला उभी राहून मला बोलू देत होती. चार वर्षं शिकून पदवी घेतलेली पोर माझ्यापुढं गप्प राहिली, याचा मला जो आनंद झाला तो मी तोंडावर दिसू दिला नाही.

सुकेशनी नावाची एक पोरगी होती, दोन वेण्यांची, बोलायला तिखट. तिनं विचारलं, "आजी, टीचर म्हणाल्या शेळ्या जंगल लावतात. पण पुस्तकात तर लिहिलंय, शेळ्या जंगल खातात. खरं काय?"

सगळी पोरं थांबली. योगिनीही थांबली. समोर दत्तोपंत आपल्या फाटकात उभे होते, तेही ऐकत होते. हे दत्तोपंत आधी वनखात्याच्या कन्नडच्या कचेरीत होते. आता संस्थेच्या कमिटीवर आहेत. माझ्या अकरा शेळ्या एकदा कोंडवाड्यात गेल्या होत्या, त्या कागदावर यांचीच सही होती. आम्ही दोघांनीही ते कधी काढलं नव्हतं.

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी. पण पोरीच्या हातात पिशवी होती.

"दोन्ही खरं," मी म्हणाले. "आकडीनं फांद्या ओढून मी शेळ्यांना घातल्यात. ज्या माळावर एकाच वाड्याची जनावरं सारखी बसली, तिथं कोवळा कोंब राहिला नाय. ते माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पण आम्ही फिरत राहिलो तिथं मागं बाभळी उगवल्या. शेळी खाते पण आणि लावते पण. तिला कुठं आणि किती दिवस ठेवायचं, ते माणसाच्या अकलेवर. ते पुस्तकात लिहिलंय का?"

"नाही."

"मग तू लिही."

दत्तोपंत फाटक उघडून बाहेर आले. "सारजाबाई, माझ्या गुलाबांत बाभळी उगवल्यात. पंधरा-वीस तरी. मी म्हणत होतो, आल्या कुठून!"

"माझ्या शेळ्यांनी तुमच्याकडं पाठवल्या, पंत. जुनी ओळख हाय."

म्हातारा लाजला. मग पोरांकडं वळून म्हणाला, "या, आत या. गुलाबाला धक्का लावू नका. आणि ऐका, आम्ही रोपवाटिकेसाठी बाभळीचं बी कुठून आणायचो ठाऊक आहे? यांच्याच वाड्यांवरून. पोत्यानं."

"आणि शेळ्या कोंडवाड्यात," मी म्हणाले.

"आणि शेळ्या कोंडवाड्यात," ते म्हणाले, आणि स्वतःच चमचा घेऊन वाकले.

सोमवारी आम्ही घरातली सगळी शाळेत गेलो. अजिनाथनं पाळी बदलून घेतली होती. सरितानं लग्नाकार्यातली साडी नेसली होती. मी म्हणाले, "नवरी कोण हाय?" तिनं माझ्याकडं बघत पदर सारखा केला.

मागच्या मैदानात पिशव्या रांगेत मांडल्या होत्या. बेचाळीसपैकी अकरा रोपं माना टाकून पडली होती. शनिवार-रविवारचं ऊन त्यांना सोसलं नाही. एकतीस ताठ होती. शेजारी फळा. त्यावर योगिनीचे चार रकाने: झाडाचं नाव, लावल्याची तारीख, लावणाऱ्याचं नाव, बी कुठलं. पहिले तीन भरलेले. चौथा पुसून मोकळा.

आप्पासाहेब संस्थेचे अध्यक्ष. धोतर, काळी टोपी आणि हातात फाइल. त्यांच्या मागं मुख्याध्यापिका मृण्मयीबाई आणि दत्तोपंत. आप्पासाहेबांनी रांगेवरून एक फेरी मारली, वाकून एक पिशवी बघितली, आणि कपाळाला आठी घातली.

"मृण्मयीताई, तुम्ही तर गुरुवारी लिहून दिलंत की पिशव्या रिकाम्या आहेत."

"होत्या, आप्पासाहेब. मी स्वतः बघितल्या."

"मग चार दिवसांत दोन-दोन बोटं रोपं? हे काय जादूचं जंगल आहे का?" ते योगिनीकडं वळले. "बाई, स्पष्ट विचारतो. नर्सरीतून आणून लावलीत ना? कमिटीला दाखवायला?"

पोरांमधून गलका झाला. सुकेशनी "नाही!" म्हणून ओरडली. योगिनीनं हात वर करून त्यांना गप्प केलं. तिला खरं सांगायचं होतं, आणि खरं सांगायचं तर आईचं खोटं सगळ्यांपुढं सांगावं लागत होतं. तिनं आईकडं बघितलं.

"बियाणं कुठलं, एवढं तरी सांगा," आप्पासाहेब म्हणाले. "हा रकाना मोकळा का?"

मी पदर खोचला. माझ्याकडं सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि आप्पासाहेबांच्या टोपीपासून सुरुवात करायचा माझा विचार होता.

"मी सांगते," सरिता म्हणाली.

अजिनाथनं तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला आणि पोरांच्या रांगेतून वाट काढत पुढं गेली. त्याच शाळेच्या मैदानात.

"साहेब, आम्ही धनगर. ही माझी सासू. हिच्या वाड्यावरचं बी हाय हे, लेंड्यांतलं. तिनं चांगलं पोतं भरून पाठवलं होतं. मला लाज वाटली. मी ते गल्लीत खत म्हणून वाटलं आणि पोरीला बाजारातलं बी दिलं. बाजारातलं झोपून राहिलं. आमचं बी लोकांच्या कुंड्यांत उगवलं. शनिवारी या पोरांनी दारोदार फिरून चमच्यानं ते काढून आणलं. पोरीची काही चूक नाय. चूक माझी."

मग मागून एक बारीक आवाज आला, "आमच्या मनीप्लांटमधून दोन!" आणि दुसरा, "आम्ही सदाफुलीतून काढली!" आणि सगळीच पोरं आपापली कुंडी सांगायला लागली.

आप्पासाहेबांनी दत्तोपंतांकडं बघितलं.

"माझ्या गुलाबांतून सतरा," दत्तोपंत म्हणाले. "मी खात्यात तीस वर्षं काढली, आप्पासाहेब. पोरांना बी रुजताना दाखवणं सोपं असतं. ते का रुजलं नाही आणि मग का रुजलं, हे या पोरांना कळलंय. असा वर्ग मी कुठं बघितला नाही. बस उभ्या करायला रस्ता आहे."

आप्पासाहेब फाइलवर पेन आपटत राहिले. मग म्हणाले, "पावसाळा संपेपर्यंत जागा वर्गाची."

"आणि पावसाळ्यानंतर?" सुकेशनीनं विचारलं.

त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. माझा पदर अजून खोचलेलाच होता.

"पावसाळ्यानंतर दुसरं बी लावा," ते म्हणाले आणि फाइल मिटली.

पोरांनी एवढा आरडाओरडा केला की मृण्मयीबाईंनी कानावर हात ठेवले. योगिनीनं खडू घेतला. फळ्याशी गेली, थांबली, आणि खडू आईच्या हातात दिला.

"मला नाय येत फळ्यावर," सरिता म्हणाली.

"लिही."

सरितानं लिहिलं. पाठ आमच्याकडं, खांदे ताठ. तिला वेळ लागला. बाजूला झाली तेव्हा मी पुढं गेले आणि दुसरीपर्यंतच्या माझ्या विद्येनं एकेक अक्षर जुळवून वाचलं. सारजाबाईचा वाडा, पिशोर. सगळ्या रांगांच्या शेजारी, वरपासून खालपर्यंत, बेचाळीस वेळा.

अक्षर वाकडं होतं. पिशोरमधला 'शो' तर पार ओळ सोडून गेला होता. मी खोचलेला पदर सोडला.